तीन रुंदींचे रूळ आणि एक स्थानक : मिरज जंक्शन समजून घेताना

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे–कोल्हापूर आणि पुणे–हुबळी या दोन वंदे भारत गाड्या सुरू झाल्या. दोन्ही मिरजेत थांबतात. तेव्हापासून या स्थानकाविषयीचे जुने प्रश्न पुन्हा ऐकू येऊ लागले आहेत. सांगली हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आणि कोल्हापूर हे मोठे शहर असताना जंक्शन मिरजेतच का झाले? चार दिशांना रूळ जात असूनही हव्या तेवढ्या गाड्या का मिळत नाहीत? आणि जुनी माणसे ‘मिरजेला गाडी बदलायची’ असे इतक्या सवयीने का म्हणतात? या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि त्यांचे मूळ दोन रुळांमधल्या अंतरात आहे. ते अंतर समजले की मिरजेचा शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आणि आजच्या बहुतेक अडचणी उलगडू लागतात.

गेज म्हणजे काय?

लोहमार्गाच्या दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये जे अंतर असते, त्याला गेज म्हणतात. भारतात मुख्यतः तीन प्रकारचे गेज वापरात आले. ब्रॉडगेजमध्ये हे अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट असते. मीटरगेजमध्ये ते नावाप्रमाणे एक मीटर असते. नॅरोगेज त्याहूनही अरुंद असून, मिरजेत आलेल्या नॅरोगेजचे अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते.

हे अंतर एकदा ठरले की त्याच्यामागोमाग पुष्कळ गोष्टी ठरतात. डबा किती रुंद असावा, इंजिन किती जड असावे, वळण किती तीव्र चालेल, पूल किती मजबूत लागेल, फलाट किती उंच हवा, हे सारे गेजशी बांधलेले असते. अरुंद मार्ग कमी खर्चात होतो, डोंगरात सहज वळतो आणि त्याला जमीनही कमी लागते. रुंद मार्गावर मात्र जड गाडी अधिक वेगाने आणि अधिक स्थिरपणे धावते. म्हणून कोणते गेज चांगले, हा प्रश्न तसाच विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या प्रदेशात, किती वाहतुकीसाठी आणि किती पैशांत, एवढे जोडले तरच त्याला उत्तर मिळते.

एकाच देशात तीन मापे कशी आली?

भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली, ती ब्रॉडगेजवर. गव्हर्नर जनरल डलहौसी यांना सहा फुटांचे अंतर हवे होते आणि ब्रिटनमध्ये चार फूट साडेआठ इंचांचा प्रघात होता. शेवटी साडेपाच फुटांवर निर्णय झाला. मुख्य मार्ग या मापाने होऊ लागले, पण खर्च इतका येई की कमी वाहतुकीच्या भागांत असा मार्ग परवडणे कठीण दिसू लागले. तेव्हा १८७० च्या सुमारास, लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत, स्वस्त मार्गांसाठी मीटरगेज स्वीकारले गेले.

यानंतर १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. दख्खन आणि कर्नाटकाच्या पठारावर माणसे अन्नावाचून मरत होती. दुसऱ्या भागात धान्य असले तरी ते बैलगाडीने पोहोचवणे अशक्य होते, कारण वाटेत बैलांनाच चारा आणि पाणी मिळत नव्हते. १८८० च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळी प्रदेशांत लोहमार्ग वाढवण्यावर भर दिला. मिरजेचा जन्म या पार्श्वभूमीवर झाला आहे, हे लक्षात ठेवावे, कारण पुढे २०१६ मध्ये या स्थानकाने जे काम केले त्याच्याशी याचा थेट संबंध येतो.

मग जंक्शन मिरजेतच का?

दुष्काळी भागासाठी मीटरगेजचे जाळे विणायला १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. पुण्याहून निघून साताऱ्याच्या बाजूने कृष्णेच्या खोऱ्यात उतरायचे आणि पुढे बेळगाव, लोंढा करीत कर्नाटकात शिरायचे, असा तिचा एक मुख्य मार्ग होता. १८८० च्या दशकात या मार्गावर मिरज स्थानक आले. त्या काळी मिरज हे पटवर्धनांचे संस्थान होते आणि कोल्हापूर, सांगली ही वेगळी संस्थाने. लोहमार्ग कोणाच्या हद्दीतून जाईल आणि कोणाच्या बाजूने शाखा फुटेल, यात भूगोलाइतकाच राज्यकारभाराचाही वाटा असे.

कोल्हापूर मुख्य मार्गापासून पश्चिमेला होते. त्यामुळे संस्थानाने स्वतःच्या खर्चाने मिरजेपर्यंत मार्ग बांधला आणि १८९१ मध्ये तो सुरू झाला. छत्रपती शाहू महाराजांच्या घडणीच्या काळातली ही गोष्ट आहे. पुढे याच मार्गावर महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नावाने जयसिंगपूर ही पेठ वसवली. स्थानकाशेजारी आखून वसवलेले हे गाव पाहिले की एखादा राज्यकर्ता लोहमार्गाकडे किती दूरदृष्टीने पाहू शकतो, हे ध्यानात येते. कोल्हापूरचा मार्ग मिरजेला येऊन मिळाला आणि मिरज जंक्शन झाले. जंक्शन म्हणजे जिथे किमान तीन दिशांचे मार्ग एकत्र येतात असे स्थानक. त्याच्या आसपासचे शहर लहान आहे की मोठे, याचा त्याच्याशी संबंध नसतो.

१९०८ मध्ये सदर्न मराठा रेल्वे मद्रास रेल्वेत मिळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे अशी कंपनी झाली. जंक्शनच्या सोयीचा परिणाम आसपास लवकर दिसू लागला. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत सुरू केलेल्या मिशन रुग्णालयात दूरदूरचे रुग्ण येऊ लागले आणि मिरजेची वैद्यकीय नगरी म्हणून जी ओळख झाली, तिच्यात या जंक्शनचा मोठा वाटा आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्यासाठी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ पत्करला. आज ते स्थानक किर्लोस्करवाडी म्हणून ओळखले जाते. लोखंडी नांगर तयार करणाऱ्याला कोळसा आणि बीड लोखंड आणायला, आणि तयार नांगर गावोगावी पाठवायला, रूळ दाराशी असणे अत्यावश्यक होते.

बार्शी लाइट : तिसरी रुंदी

इकडे मुंबई–पुणे–सोलापूर–रायचूर हा ब्रॉडगेज मार्ग बार्शी आणि पंढरपूर या दोन्ही गावांना बाजूला ठेवून गेला होता. बार्शी कापसाची मोठी बाजारपेठ, पंढरपूर तर वारकऱ्यांचे तीर्थ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शीसाठी अडीच फुटी नॅरोगेज मार्गाची योजना पुढे आणली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी ‘बार्शी लाइट रेल्वे’ या कंपनीची गाडी सुरू झाली. तेव्हा कुर्डुवाडीच्या स्थानकाचे नाव बार्शी रोड असे होते. पुढे हा मार्ग एका बाजूने पंढरपूरला आणि दुसऱ्या बाजूने १९११ मध्ये लातूरला पोहोचला. १९२७ मध्ये पंढरपूरकडची बाजू वाढत वाढत मिरजेला येऊन टेकली. लातूरपासून मिरजेपर्यंत सुमारे सव्वातीनशे किलोमीटर लांबीचा एकसलग नॅरोगेज मार्ग तयार झाला आणि मिरजेत मीटरगेजच्या शेजारी दुसरे गेज आले.

लहान गाडी म्हणजे दुय्यम दर्जाची गाडी, असा समज आजही आढळतो. बार्शी लाइटच्या बाबतीत तो चुकीचा आहे. कॅलथ्रॉपने मांडलेला विचार असा होता की रुळाला त्रास गाडीच्या एकूण वजनाचा होत नाही, तर एकेका आसावर येणाऱ्या वजनाचा होतो. आस म्हणजे समोरासमोरच्या दोन चाकांना जोडणारा दांडा. एका आसावर येणाऱ्या भाराला आसभार म्हणतात. कॅलथ्रॉपने इंजिनापासून वाघिणींपर्यंत (म्हणजे मालाच्या डब्यांपर्यंत) साऱ्या गाड्यांचा आसभार पाच टनांवर बांधून घेतला. भार सगळीकडे सारखा वाटला गेल्यामुळे मीटरला जेमतेम १५ किलो वजनाचे रूळही पुरले. आजच्या मुख्य मार्गांवरचे रूळ मीटरला ६० किलोंचे असतात, त्याच्याशी हे ताडून पाहावे. त्याने हीच कल्पना पुढे इंग्लंडमधल्या एका डोंगरी मार्गावर वापरली. म्हणजे बार्शीचा माळ ही या विचाराची प्रयोगभूमी ठरली, आणि आपल्या भागातल्या फार थोड्या लोकांना याची कल्पना आहे. (हाच कॅलथ्रॉप नंतर विमानातून उतरण्याच्या हवाई छत्रीच्या संशोधनात रमला.)

१९५४ मध्ये सरकारने ही खासगी कंपनी विकत घेतली. त्यानंतरही आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरलेल्या या लहान गाड्या अनेक दशके धावत राहिल्या.

गेज बदलले की नेमके काय अडते?

दोन वेगळ्या गेजचे मार्ग एका स्थानकात मिळतात, तेव्हा प्रवासी आणि माल दोघांनाही गाडी बदलावी लागते. प्रवाशाला हे काम अवघड असले तरी ते त्याच्या पायांनी होते. फलाट बदलायचा, सामान उचलायचे, पुढच्या गाडीत जागा धरायची. पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी सुटून गेली, तर स्थानकावर रात्र काढायची. मालाचे तसे नाही, कारण पोते स्वतः चालत नाही.

मालधक्क्यावर एका बाजूला एका गेजची वाघीण उभी असते आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या गेजची. दोन्हींच्या तळांची उंची वेगळी. हमाल एका वाघिणीतले पोते पाठीवर घेतो, मधला धक्का ओलांडतो आणि दुसऱ्या वाघिणीत थप्पी लावतो. शेजारी कारकून पोती मोजून पावतीशी ताळा घालत असतो. ब्रॉडगेज वाघिणीतला सगळा माल एका मीटरगेज वाघिणीत मावत नाही आणि नॅरोगेजमध्ये तर त्याहूनही कमी मावतो, म्हणून एका वाघिणीचा माल दोन किंवा अधिक वाघिणींत वाटला जातो. तेवढ्या रिकाम्या वाघिणी त्या दिवशी उभ्या नसतील, तर भरलेली वाघीण तशीच अडकून पडते. फुटणारे सामान फुटते, गूळ ओला होतो, पोत्यातून हळद सांडते, आणि नुकसान कोणत्या रेल्वेच्या हद्दीत झाले यावर पत्रव्यवहार चालू राहतो. या अदलाबदलीला ट्रान्सशिपमेंट म्हणतात. गाडीचा वेग कितीही वाढवला तरी इथे गेलेला वेळ भरून निघत नाही.

किर्लोस्करवाडीचा नांगर मुंबईला जायचा असेल, तर तो पुण्यात मीटरगेजवरून ब्रॉडगेजवर चढवावा लागे. तोच नांगर पंढरपूरला पाठवायचा असेल, तर तो मिरजेत नॅरोगेजवर चढवावा लागे. दोन्ही बाजूंना अंतर फार नव्हते, पण मध्ये एकेक धक्का होता.

डब्यांची चाके बदलता आली नसती का?

ही शंका रास्त आहे आणि जगात तसे उपाय झालेही आहेत. चीन आणि मंगोलिया यांच्या सीमेवर प्रवासी डबे उचलून त्यांच्याखालचे चाकांचे सांगाडे बदलतात. स्पेनमध्ये धावता धावता चाकांमधले अंतर बदलणाऱ्या गाड्या आहेत. दुसरा उपाय म्हणजे तिसरा रूळ टाकणे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्ये एक जास्तीचा रूळ घातला की त्याच मार्गावरून मीटरगेजची गाडीही जाऊ शकते.

पण चाके बदलण्याला महागडी यंत्रणा आणि बराच वेळ लागतो, आणि डब्याची रुंदी-उंची तर तीच राहते. ब्रॉडगेजचा रुंद डबा नॅरोगेजच्या वळणावर, तिथल्या पुलावर किंवा फलाटाशेजारी बसणारच नाही. तिसऱ्या रुळाने मुख्य मार्गावर सोय होते, पण यार्डात, जिथे मार्ग फुटतात तिथे, सांध्यांची रचना फार गुंतागुंतीची होते आणि सिग्नल यंत्रणाही. म्हणून हे उपाय मोजक्या ठिकाणीच चालतात. हजारो किलोमीटरच्या जाळ्यासाठी शेवटी सगळीकडे एकच माप करणे, हाच टिकाऊ उपाय उरतो.

तीन गेज एकाच वेळी

पुणे–मिरज–कोल्हापूर हा मार्ग १९७१ पर्यंत ब्रॉडगेज झाला. मुंबईहून कोल्हापूरपर्यंत न उतरता जाता येऊ लागले आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस ही त्या बदलाची घरोघरी ओळखीची झालेली खूण ठरली. बेळगाव-लोंढ्याकडचा मार्ग मात्र मीटरगेजच राहिला आणि पंढरपूरकडचा नॅरोगेज. त्यामुळे पुढची सुमारे दोन दशके मिरजेत तिन्ही गेज एकत्र नांदत होते. मुंबई-पुण्याहून गोव्याला किंवा बेळगावला जाणारा प्रवासी मिरजेत उतरून मीटरगेजची गाडी पकडायचा आणि पंढरपूरला जाणारा नॅरोगेजच्या फलाटाकडे वळायचा. ‘मिरजेला गाडी बदलायची’ हे वाक्य त्या पिढीच्या तोंडी बसले ते यामुळे.

१९९२ मध्ये रेल्वेने देशभर शक्य तिथे एकच गेज करण्याचे धोरण जाहीर केले. त्यानंतर १९९० च्या दशकात मिरज–लोंढा मार्ग आणि त्यापुढे गोव्याकडचा मार्ग ब्रॉडगेज झाला. बार्शी लाइटचे रूपांतर तुकड्यातुकड्यांनी झाले. आधी कुर्डुवाडी–पंढरपूर, मग लातूर–कुर्डुवाडी आणि सर्वांत शेवटी, २०१० च्या सुमारास, पंढरपूर–मिरज. मिरजेतले नॅरोगेजचे रूळ उखडले गेले आणि चारही दिशांना एकच माप आले.

यामुळे मिरजेचे महत्त्व कमी झाले, असे नाही का?

काही अंशी झाले, हे मान्य केले पाहिजे. गाडी बदलण्यासाठी उतरणारी माणसे स्थानकाबाहेर जेवत, मुक्काम करीत, खरेदी करीत. मालधक्क्यावर हमालांना काम मिळे. स्थानकावर अवलंबून असलेल्या अनेक कुटुंबांचे उत्पन्न थेट गाडी बदलण्याच्या सक्तीतून येत होते आणि रूपांतरानंतर ते आटले. प्रगतीच्या हिशेबात ही कुटुंबे कुठेच धरली जात नाहीत, याची मला खंत वाटते.

तरीही ज्या स्थानकाचे महत्त्व लोकांच्या अडचणीवर उभे आहे, ते टिकवण्यासाठी अडचण चालू ठेवणे कोणालाच योग्य वाटणार नाही. शिवाय जंक्शनची खरी उपयुक्तता किती लोक तिथे उतरतात यावर ठरत नाही. किती दिशांची वाहतूक तिथून न थांबता वळवता येते, यावर ती ठरते. याचा सर्वांत स्पष्ट दाखला २०१६ च्या उन्हाळ्यात मिळाला.

लातूरची पाण्याची गाडी

सलग अपुऱ्या पावसामुळे त्या वर्षी लातूर शहराचे पाणी जवळजवळ संपले. लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवण्याचे ठरले आणि त्यासाठी मिरज निवडले गेले, कारण मिरजेजवळ कृष्णेचे पाणी होते, शुद्धीकरणाची सोय होती आणि मिरजेहून लातूरला जाणारा सरळ लोहमार्ग होता. तेल वाहणाऱ्या टाकी-वाघिणी राजस्थानातल्या कोटा येथे वाफेने धुऊन मिरजेला आणल्या गेल्या. यार्डापर्यंत जलवाहिनी टाकली गेली. वाघिणीच्या माथ्यावरचे झाकण उघडायचे, पाण्याची नळी आत सोडायची, टाकी भरली की झाकण बंद करून नळी पुढच्या वाघिणीकडे न्यायची, असे काम सुरू झाले.

पहिली गाडी दहा वाघिणींची होती. एकेका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर, असे एकूण ५ लाख लिटर पाणी घेऊन ती १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. अंतर सुमारे ३४२ किलोमीटर. नंतर ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रस्त्याने एवढ्या पाण्याला २५० टँकर लागले असते, आणि तेही तितक्याच अंतरावरून.

आता हा मार्ग कोणता होता ते पाहा. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. बहुतांशी जुन्या बार्शी लाइटचाच मार्ग. तो नॅरोगेज राहिला असता, तर कोट्याहून आलेली एकही वाघीण या रुळांवर चढली नसती. समजा, नॅरोगेजच्या टाक्या मुद्दाम बनवून घेतल्या असत्या, तरी पाच टनांच्या आसभाराने चार आसांच्या वाघिणीचे एकूण वजन, लोखंडासकट, २० टनांपुढे नेता आले नसते. ५० हजार लिटर पाण्याचे वजनच ५० टन भरते. म्हणजे ब्रॉडगेजच्या एका वाघिणीचे काम करायला तीनपेक्षा जास्त लहान वाघिणी लागल्या असत्या आणि त्या ओढायला तितकीच अधिक इंजिने. गेज रूपांतराचे काम चालू असताना गाड्या बंद राहिल्याने लोकांनी काही वर्षे त्रास सोसला, तो कशासाठी होता, हे या आकड्यांतून कळते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाने ज्या प्रदेशात रेल्वे आणली, त्याच प्रदेशातल्या दुष्काळात ती अशी कामी आली.

आज मिरजेहून कुठे जाता येते?

वायव्येला सांगली, कराड, सातारा करीत पुणे आणि पुढे मुंबई. पश्चिमेला जयसिंगपूर, हातकणंगलेवरून कोल्हापूर. दक्षिणेला कुडची, बेळगाव, लोंढा आणि तिथून हुबळी-बंगळूर किंवा गोवा. पूर्वेला पंढरपूर, कुर्डुवाडी आणि पुढे लातूर, मराठवाडा. महालक्ष्मी आणि कोयना या गाड्या मुंबईशी जोडतात, हरिप्रिया तिरुपतीला जाते, गोवा एक्स्प्रेस वास्को आणि दिल्ली यांच्यामध्ये धावताना इथून जाते. विदर्भात जाण्याच्या दोन वाटा आहेत. महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, मनमाड असा वळसा घेत गोंदियाला पोहोचते, तर कोल्हापूर–नागपूर गाडी पंढरपूर, लातूरच्या बाजूने जाते. ही दुसरी वाट गेज बदलल्याशिवाय शक्यच नव्हती. चारही दिशांचे विद्युतीकरण झाल्यामुळे इंजिन डिझेलवरून विजेवर बदलण्याचे कारण उरलेले नाही.

गाडी मिरजेत बराच वेळ का थांबते, असे प्रवासी विचारतात. त्याचे एक कारण दिशेचे आहे. कोणत्याही स्थानकाला दोनच टोके असतात आणि इथे चार मार्ग त्या दोन टोकांना वाटून मिळतात. ज्या दोन मार्गांचे टोक एकच आहे, त्यांपैकी एकावरून येऊन दुसऱ्यावर जाणाऱ्या गाडीचे इंजिन सोडवून मागच्या बाजूला जोडावे लागते. दुसरे कारण हद्दीचे आहे. मिरज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येते, कुर्डुवाडीकडची बाजू सोलापूर विभागात आणि बेळगावकडचा मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात. रुळांच्या तीन रुंदी गेल्या, पण तीन विभाग इथे अजून भेटतात. गाडी एका विभागाकडून दुसऱ्याकडे सोपवताना चालक आणि गार्ड बदलतात, आणि पुढच्या विभागाने मार्ग मोकळा असल्याचे कळवेपर्यंत ती उभी राहते.

रूळ एकसारखे झाले, मग गाड्या का वाढत नाहीत?

एकेरी मार्ग म्हणजे ज्यावर दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच रुळजोडीवरून जातात असा मार्ग. समोरून माणूस येत असेल तर अरुंद बोळाच्या तोंडाशीच आपण थांबतो, तसे इथे गाडीला आधीच्या स्थानकात थांबावे लागते. समोरची गाडी त्या स्थानकात शिरली, शेजारच्या रुळावर उभी राहिली, की मगच हिला सिग्नल मिळतो. याला क्रॉसिंग म्हणतात. दोन स्थानकांमधला तुकडा जितका लांब, तितकी ही वाट पाहणी मोठी. दिवसभरात अशा मार्गावरून जाऊ शकणाऱ्या गाड्यांची एक कमाल संख्या असते. ती गाठली की नवी गाडी घालण्यासाठी जुन्या गाड्यांना आणखी थांबवावे लागते. एक गाडी उशिरा आली की तिच्यासाठी थांबलेल्या साऱ्या गाड्या उशिरा धावतात आणि संध्याकाळपर्यंत वेळापत्रक विस्कटते.

पुणे–मिरज मार्गाचे दुहेरीकरण म्हणून महत्त्वाचे आहे. दोन्ही दिशांना स्वतंत्र रूळ मिळाले की क्रॉसिंगचा थांबा संपतो आणि मार्गाची क्षमता दुपटीहूनही अधिक वाढू शकते, कारण एकाच दिशेच्या गाड्या थोड्या अंतराने एकामागोमाग सोडता येतात. पण दुहेरीकरणाचा पूर्ण लाभ मधला शेवटचा तुकडा जोडल्यावरच मिळतो. मध्ये थोडा भाग एकेरी राहिला, तरी साऱ्या मार्गाची क्षमता त्या तुकड्यावर येऊन अडते. सातारा जिल्ह्यातला आदर्की-सालपा परिसर घाटाचा आहे. अशा ठिकाणी नवा रूळ टाकायचा तर डोंगर कापावा लागतो, बोगदे आणि पूल लागतात. सपाटीवरचे काम भराभर झालेले दिसते आणि घाटातले रेंगाळलेले, त्याचे कारण हे आहे.

दुसरी मर्यादा स्थानकाच्या आत आहे. मिरजेहून नवी गाडी सुरू करायची, तर ती दिवसभर उभी करायला रिकामा रूळ हवा, डबे धुवायला, पाणी भरायला आणि खालून तपासायला पिट लाइन हवी. पिट लाइन म्हणजे खाली खोल चर असलेला रूळ, ज्यात उतरून कामगार डब्यांचा तळ, चाके आणि ब्रेक तपासतात. ही जागा आधीच व्यापलेली असेल, तर मागणी कितीही रास्त असली तरी गाडी तिथून सुरू करता येत नाही. मग तिचा आरंभ कोल्हापूर किंवा हुबळीसारख्या ठिकाणाहून होतो आणि मिरजेच्या वाट्याला थांबा येतो. म्हणून नव्या गाडीची मागणी करताना पिट लाइन आणि जास्तीचा फलाट यांचीही मागणी करणे अधिक परिणामकारक ठरेल, असे मला वाटते. निवेदनांत गाडीचे नाव असते, या दोन गोष्टी क्वचितच दिसतात.

तिसरी मर्यादा शाखांची. मिरज–कोल्हापूर आणि मिरज–कुर्डुवाडी हे दोन्ही मार्ग एकेरी आहेत. पुण्याहून वाढलेल्या गाड्या मिरजेपर्यंत भरभर पोहोचल्या, तरी पुढे कोल्हापूरला जाण्यासाठी त्यांना पुन्हा क्रॉसिंगच्या हिशेबातून जावे लागेल, आणि तोपर्यंत थांबण्यासाठी त्यांना फलाट लागेल तो मिरजेचाच. कोल्हापूरहून वैभववाडीमार्गे कोकण रेल्वेला जोडणारा प्रस्तावित मार्ग झाला, तर हा भार आणखी वाढेल, कारण कोकणातून पठारावर येणारी मालवाहतूक मिरजेवरूनच पुढे जाईल. त्या दृष्टीने कोल्हापूरच्या सुमारे ४७ किलोमीटरच्या तुकड्यावर दुसरा रूळ टाकणे आणि मिरजेच्या यार्डाची वाढ करणे ही कामे वैभववाडीच्या मार्गाआधी व्हायला हवीत. तसे झाले नाही, तर कोकणातून आलेल्या मालगाड्या हातकणंगले आणि जयसिंगपूरच्या लूपवर, म्हणजे क्रॉसिंगसाठीच्या शेजारच्या रुळावर, उभ्या राहतील आणि त्यांच्यामागे प्रवासी गाड्या.